लाल डोक्याचा लाकडी मासा

"मास्तर, ओढू नकात!"

मी ओढत होतो. पायाखाली कालवांनी खरखरीत झालेला खडक, समोर समुद्र, हातात दुसऱ्याची गळाची काठी, आणि काठीच्या टोकापासून पाण्यात शिरलेली नायलॉनची तंगूस आता तुटते की मग तुटते अशी ताणलेली. अडकलेली वस्तू ओढून काढायची असते, एवढंच मला ठाऊक होतं. आमच्याकडे औशाला विहिरीत बादली पडली की गळ टाकून ओढतात. बाभळीत शेळीचं दावं गुंतलं की ओढतात. मीही लहानपणापासून ओढतच आलो होतो.

"ओढू नको तर काय करू?" मी विचारलं.

गंगारामभाऊ मेतर माझ्यामागे एका सपाट दगडावर बसले होते. उजवा गुडघा लांब पसरून त्यांनी विडी पेटवली. "सोडवा," म्हणाले.

"पण कसा?"

"तां बगा तुमी."

अशी आमची बोलणी चालली होती. सकाळचे साडेदहा झाले होते, आणि मी त्यांच्याकडे त्यांची मुलगी मागितली त्याला सोळा तास उलटले होते. ती देणार की नाही, याबद्दल अजून एक अक्षर मला ऐकायला मिळालं नव्हतं.

सत्त्याण्णव सालचा एप्रिल संपत आला होता. मी कातळवाडीच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. वेंगुर्ल्याकडच्या त्या गावात घाटावरून आलेले आम्ही तिघे मास्तर होतो, आणि गाव आम्हाला पाहुण्यासारखं वागवायचं. म्हणजे प्रेमाने, पण हा आज ना उद्या जाणारच आहे हे मनात धरून. घाटावरचा मास्तर आला की गावकरी पहिल्याच दिवशी विचारायचे, "बदलीचो अर्ज घातलास काय?" मला त्याचा राग यायचा, कारण मी तो खरोखरच घातला होता. औशाला आई एकटी होती. नोकरीत लागलो त्याच वर्षी लातूर जिल्ह्यात बदली मागितली आणि विसरून गेलो. मग दोन वर्षांनी पोस्टाच्या खिडकीत वैजयंती मेतर भेटली. आंतरदेशीय पत्र मागितलं तर तिने पोस्टकार्ड काढून दिलं. "आईला चार ओळीच लिहिता ना तुम्ही? मग एवढी मोठी जागा कशाला?" म्हणाली. त्यानंतर मला अर्जाची आठवणच राहिली नाही.

अर्जाला मात्र माझी आठवण होती. गुरुवारी शाळेत दत्तू पोस्टमनने सही घेऊन एक रजिस्टर पाकीट माझ्या हातात ठेवलं. आत बदलीचा आदेश होता. एक मेला निकाल लावून मोकळं व्हायचं आणि जूनमध्ये लातूरला रुजू व्हायचं. मी तो कागद चार वेळा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि कुणालाच काही बोललो नाही. शुक्रवारी बोललो नाही. शनिवारी संध्याकाळी वैजूला मागणी घालायला तिच्या घरी गेलो, तेव्हाही तो कागद खिशात होता आणि तेव्हाही बोललो नाही.

आधी होकार घेऊ, मग सांगू, असा माझा बेत होता. बेत कसला, घाबरटपणाच तो.

अंगणात गंगारामभाऊ जाळं शिवत बसले होते. मी माझं पाठ केलेलं भाषण केलं. त्यांनी एक गाठ मारली, दातांनी दोरा तोडला आणि म्हणाले, "उद्या सुकती अकराक आसा. खडपात या." सुकती म्हणजे ओहोटी, खडप म्हणजे समुद्रात शिरलेला खडक. मी वैजूकडे पाहिलं. गेले तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि मागणीच्या घाईत असेल असं मी स्वतःला समजावलं होतं. ती दारातूनच म्हणाली, "चपला नको घालू. बूट घाल." बस, एवढंच.

तर मी बूट घालून खडपात उभा होतो, आणि तो लाकडी मासा पाण्याखाली दोन खडकांच्या फटीत अडकला होता.

त्या माशाबद्दल सांगायला हवं. बोटभर लांबीचा, पांढऱ्या अंगाचा, लाल डोक्याचा. पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ. आमिष न लावता तो नुसता पाण्यातून ओढत आणायचा. तो जिवंत माशासारखा वळवळत येतो आणि तांबोशीसारखी मोठी मासळी त्याच्यावर झेप घेते. असले मासे तेव्हा आपल्याकडे मिळत नसत. गंगारामभाऊंचा थोरला मुलगा रमाकांत बोटीवर होता, त्याने सिंगापूरहून तीन आणले होते. दोन केव्हाच गेले होते. हा शेवटचा. हे त्यांनी मला काठी हातात देताना सांगितलं, आणि तेही असं, की जणू हवापाण्याची गोष्ट. मी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"ओढलात काय काटो आणखी रुतता," विडीचा धूर सोडत ते म्हणाले. "ढील द्या. तेका वाटूक व्हया, आपणाक कोण ओढीत नाय."

मी काठी खाली केली. तंगूस सैल पडली.

"आता?"

"आता गप ऱ्हवा."

मी गप्प राहिलो. एक लाट आली, गेली. दुसरी आली. मी शिकलेला माणूस, तरंगणाऱ्या वस्तूचा नियम मी सातवीच्या मुलांना दरवर्षी शिकवतो, पण त्या क्षणी मला काही उमगत नव्हतं. मग तिसरी लाट मागे फिरली तशी तंगूस आपोआप थोडी सरकली. मासा पोकळ लाकडाचा, ओढ सुटली की तो आपला आपण वर यायला बघतो, आणि लाटेने त्याला आत नेलं त्याच वाटेने मागे ढकललं. पाण्यावर लाल डोकं दिसलं. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की दोन बगळे उडाले.

गंगारामभाऊ हसले नाहीत. त्यांनी काठी घेतली, मासा गुंडाळून जवळ आणला, गळ तपासले, आणि तो मासा पुन्हा नेमका त्याच फटीत फेकला. तंगूस ताठ झाली.

"अडाकलो," ते म्हणाले आणि काठी माझ्या हातात दिली.

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. चाळीस वर्षं समुद्रात काढलेला माणूस दोन हातांवरची फट चुकवू शकत नाही? मग मला लख्ख कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. ही परीक्षा होती. या घराण्यात जावई असाच पारखत असतील. मी बाह्या वर सारल्या. परीक्षा म्हटली की मला हुरूप येतो.

ढील दिली. तीन लाटा, पाच लाटा, दहा लाटा. मासा हलेना.

"तंगूस बोटात धरा," मागून आवाज आला. "जरा ताणा. आणि पटकन सोडा."

धनुष्याची दोरी सोडावी तशी ती मी सोडली. टण्ण आवाज झाला. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मासा ढिम्म.

"घाटार तुमचा घर खय?" मध्येच त्यांनी विचारलं.

"औसा. लातूरजवळ."

"आवस एकटीच मा थय?"

"हो, आई एकटीच."

"वय झाला असात."

"पासष्ट."

"मग तिका कोण बगता?"

माझं बोट तंगूशीवर तसंच राहिलं. खिशातला कागद छातीला टोचल्यासारखा झाला. "शेजारी आहेत," मी म्हणालो. ते खरं होतं, पण ते उत्तर नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी चौथ्यांदा तंगूस सोडली. गंगारामभाऊंनी पिशवीतून एक लोखंडी कडं काढलं. त्याला एका बाजूला फट होती आणि दोरी बांधलेली होती. ते त्यांनी तंगूशीत अडकवलं आणि सोडून दिलं. कडं घरंगळत पाण्यात गेलं, माशाच्या तोंडावर जाऊन आपटलं. दोन-तीनदा दोरीने वर-खाली केल्यावर मासा मागच्या मागे सुटला.

"हयसर करमता काय तुमका?" कडं पुसत त्यांनी विचारलं.

"हो, खूप."

"हयसरच ऱ्हवतल्यात?"

सरळ प्रश्न होता. सांगायची वेळ हीच होती, याहून चांगली मिळणार नव्हती. "हो... म्हणजे... बघू," असं काहीतरी मी पुटपुटलो. ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी मासा हातात तोलला आणि तिसऱ्यांदा फेकला. या वेळी आणखी पलीकडे, बाहेरच्या मोठ्या खडकाच्या अंगाला. तंगूस ताठ.

"अडाकलो."

माझं डोकं फिरलं. "भाऊ, तुम्ही मुद्दाम करताय!"

"व्हय."

"का? मुलगी द्यायची नसेल तर सरळ नाही म्हणा ना!"

त्यांनी शांतपणे विडी विझवली. "नाय कोणी म्हटला?"

"मग हो आहे का?"

"लगीन वैजूचा. तां ताच ठरवतला. माका कित्याक इचारतात?"

आता मात्र मी हात टेकले. मुलीने ठरवायचं असेल तर सकाळपासून मी इथे कशाची परीक्षा देत होतो? आणि परीक्षा नसेल तर हा म्हातारा आपला एकुलता एक मासा मुद्दाम अडकवत का होता? मला काही म्हणजे काही कळेना. एवढंच ठरवलं, की हा मासा सोडवायचा. सोडवला तर सगळं ठीक होईल. कसं, ते विचारू नका.

ढील दिली. टणत्कार केले. कडं सोडलं, तर तेही वाकड्या कोनामुळे मध्येच अडकून परत आलं.

"पलीकडसून बगूक व्हया," गंगारामभाऊ म्हणाले. "ज्या वाटेन गेलो त्याच वाटेन येतलो. पण थय माझो गुडघो चलना नाय. आणि पाणी..."

पुढचं मी ऐकलंच नाही. काठी वर धरून मी बाहेरच्या खडकाकडे निघालोसुद्धा. मधल्या घळीत पाणी पोटरीएवढं होतं. बूट शेवाळावरून सरकत होते. खडकावर चढलो, पलीकडच्या अंगाला गेलो, आणि खाली वाकून पाहिलं तर हातभर पाण्याखाली लाल डोकं स्पष्ट दिसत होतं. मागचा गळ एका कपारीत रुतला होता. मी तंगूस उलट बाजूने हळू ओढली. किंचित सरकला. ढील. पुन्हा हळू. पुन्हा किंचित. मला वाटलं, अजून पाच मिनिटं.

"मास्तर, भरती लागली. परत या."

"येतोच!"

लाट आली आणि गुडघ्यापर्यंत भिजवून गेली. लाल डोकं आता हातभर नव्हतं, दोन हात खाली होतं. मी वाकलो. पुढची लाट मांडीपर्यंत आली. मागे पाहिलं तर मघाशी पोटरीएवढी असलेली घळ पांढरी फेसाळली होती. मला पोहता येत नाही, हे तेव्हा आठवलं. आमच्याकडे पोहायला पाणी लागतं, आणि तेच तर नाही.

"परत ये रे! आयकाक येता मा तुका?" म्हातारा उभा राहिला होता. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली.

"सुटतोय भाऊ! सुटत आलाय!"

"मासो गेलो चुलीत! तू बुडलंस तर तुझ्या आवशीक मी काय सांगू?"

मी तरी काठी सोडेना. त्या एका माशावर माझा सगळा संसार उभा असल्यासारखा मी चिकटून बसलो होतो. तेवढ्यात मला दिसलं, की गंगारामभाऊ तो दुखरा गुडघा घेऊन घळीत उतरले आहेत. कमरेएवढ्या पाण्यातून एका हाताने खडक धरत ते माझ्यापर्यंत आले. दुसऱ्या हातात मासे साफ करायची सुरी होती. त्यांनी माझ्या हाताजवळून जाणारी तंगूस धरली आणि एका झटक्यात कापली.

काठी हलकी झाली. कापलेलं टोक पाण्यावर जरा वेळ तरंगलं आणि दिसेनासं झालं.

"चल," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांना धरून घळ ओलांडली. कोण कुणाला धरत होतं, सांगता येणार नाही. कोरड्या खडकावर आल्यावर ते धापा टाकत बसले आणि मी उभाच राहिलो. मुलाने आणलेला शेवटचा मासा त्यांनी माझ्यासाठी कापून टाकला होता. आणि मी त्यांना सकाळपासून फसवत होतो. मला रडू आलं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा, पण आलं.

मी खिशातून कागद काढला. त्याचा लगदा व्हायचाच बाकी होता. "भाऊ, माझी लातूरला बदली झालीये. गुरुवारीच कागद आला. मी सांगितलं नाही. होकार मिळाल्यावर सांगणार होतो."

त्यांनी कागद घेतला, वाचला नाही, उन्हात खडकावर पसरला आणि उडू नये म्हणून वर एक शिंपला ठेवला.

"माका म्हायत आसा," ते म्हणाले.

"म्हणजे? कधीपासून?"

"गुरवारपासून."

"मग विचारलं का नाही? काल विचारायचं! आज सकाळी विचारायचं!"

"ओढून इचारला काय माणूस खोटा बोलता, मास्तर. ढील दिली काय आपसूक सांगता." ते गुडघा चोळत राहिले. मग समुद्राकडे बघतच म्हणाले, "एकदा ओढलंय मी. रमाकांताक. बोट सोड, घराक ये, नायतर तोंड दाखवू नको म्हणान. तुटलो. सात वर्सां झाली."

मी त्यांच्या शेजारी बसलो. भरतीचं पाणी बाहेरच्या खडकावरून वाहायला लागलं होतं.

वैजू खडपाच्या वरच्या अंगाला, सुरूच्या झाडाखाली चहाचा थर्मास घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. वडील लंगडत पुढे घराकडे गेले, तेव्हा तिने मला कप भरून दिला.

"तुलाही माहीत होतं?" मी विचारलं.

"तुझं रजिस्टर पाकीट कुणाच्या हातून गेलं असेल?" ती म्हणाली. "वर लातूर जिल्हा परिषदेचा शिक्का. मीच नोंदवलं, मीच दत्तूच्या पिशवीत घातलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. पोस्टातल्या मुलीपासून पोस्टाने आलेली गोष्ट लपवणारा विज्ञानाचा मास्तर मी एकटाच असेन.

"गुरुवारी संध्याकाळीच मी तुझ्या खोलीवर येऊन तुला धरणार होते," ती म्हणाली. "बाबांनी अडवलं. म्हणाले, थांब, ढील दे त्याला. तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. आणि काल तू न सांगता मागणी घालून मोकळा झालास, तेव्हा मी ठरवलंच होतं, की संपलं. आज न बोलता वर आला असतास तर हा चहा मी तुला दिला नसता."

चहा पार गार झाला होता. मी तो संपवला.

"आता बोल," ती म्हणाली. "जाणार की राहणार?"

"माहीत नाही. आई एकटी आहे. आणि तुला सोडून जायचं नाही. दोन्ही खरं आहे. मला काही कळत नाही, वैजू."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तरी खरं बोललास. मलाही कळत नाही. बाबा एकटे पडतील. तू जा, आईला बघ. मला विचार करू दे. आणि मला पत्रावर पत्र पाठवत बसू नकोस."

एक मेला निकाल लावून मी औशाला गेलो. मी पत्र पाठवलं नाही. तो मे महिना मी कसा काढला, ते आईला विचारा. ती म्हणते, मी दिवसातून दोनदा विहिरीत बादली पाडायचो.

महिन्याच्या मध्यावर एक छोटं पार्सल आलं. पत्त्यावर अक्षर वैजूचं होतं. आत तळहाताएवढ्या पुठ्ठ्याच्या डबीत कापूस, आणि कापसात तो लाकडी मासा. गळ गंजले होते, पांढरा रंग दोन ठिकाणी उडाला होता, पण लाल डोकं तसंच होतं. नाकाशी कापलेली तंगूस अजून बांधलेली होती. सोबत गंगारामभाऊंच्या हातचं पोस्टकार्ड होतं. चार ओळी होत्या.

"मास्तरांस नमस्कार. आपण गेलो तेव्हा अष्टमी होती, अष्टमीला पाणी पुरतं मागे जात नाही. अवसेला बाहेरचा खडक उघडा पडला, वैजू उतरली, हात लावला तर मासा सुटून आला. वैजूने लातूरला बदलीचा अर्ज दिला आहे, मी तिला काही म्हटलेलं नाही. मासा तुमच्याकडे असू द्या, गळ बदला, आणि दोघं याल तेव्हा घेऊन या."